दोन टनांचा गेंडा लंगडतोय, पण दुखतंय नेमकं कुठे? डॉक्टर शोधतात तरी कसं?

निगरगट्ट माणसाला आपण गेंड्याच्या कातडीचा म्हणतो. कितीही टीका करा, शिव्या द्या, त्याला काही लागत नाही. खऱ्या गेंड्याला मात्र सगळं लागतं. ऊन लागतं, माश्या चावतात, म्हणून तर तो तासन्‌तास चिखलात लोळून अंगावर गाळाचा थर चढवून घेतो. फक्त त्याला लागलंय, दुखतंय, हे बाहेरून दिसत नाही. प्राणीसंग्रहालयातल्या डॉक्टरांची पंचाईत इथूनच सुरू होते.

ही पंचाईत किती महागात पडू शकते, ते आधी बघू.

नोव्हेंबर २०१५. अमेरिकेतल्या सॅन डिएगो झू सफारी पार्कमध्ये नोला नावाची ४१ वर्षांची मादी होती. जात उत्तरी पांढरा गेंडा. त्या वेळी या जातीचे जगात फक्त चार गेंडे उरले होते आणि नोला त्यातली एक. तिला जंतुसंसर्ग झाला होता. औषधं दिली की बरं वाटायचं, मग पुन्हा उलटायचा. शोध घेतल्यावर त्याचं मूळ सापडलं, ते म्हणजे कमरेच्या भागात खोलवर झालेलं एक मोठं गळू. १३ नोव्हेंबरला शस्त्रक्रिया करून त्यातला पू काढला. पण तब्येत ढासळत गेली आणि २२ नोव्हेंबरला डॉक्टरांनी तिला वेदनामुक्त मरण दिलं. चाराचे तीन झाले.

उरलेल्या तिघांत सुदान हा एकटा नर. केनियातल्या ओल पेजेटा अभयारण्यात सशस्त्र पहाऱ्यात राहणारा, जगभर फोटो गाजलेला. २०१७ च्या शेवटी त्याच्या मागच्या उजव्या पायाला संसर्ग झाला. जगभरातल्या डॉक्टरांनी लक्ष घातलं, उपचार लागू पडले, जखम भरत आली, सुदान पुन्हा चरायला लागला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. आणि मग २०१८ च्या सुरुवातीला लक्षात आलं की वरच्या त्या संसर्गाच्या खाली आणखी एक संसर्ग आहे आणि तो कितीतरी खोल आहे. वयामुळे हाडं आणि स्नायू आधीच झिजलेले. अंगावर जखमा झाल्या, उभं राहणं अशक्य झालं. १९ मार्च २०१८ ला ४५ वर्षांच्या सुदानलाही वेदनामुक्त मरण द्यावं लागलं.

दोन्ही वेळा आजूबाजूला चांगले डॉक्टर होते, औषधं होती, पैसा होता. वय झालेलं होतं हेही खरंच. पण दोन्हीकडे खरा आजार कातडीच्या आणि मांसाच्या खाली खोल दडला होता. गेंड्याच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. त्यामुळे लंगडणारा गेंडा तपासणं ही एक वेगळीच विद्या बनली आहे.

बैल लंगडला तर कळतं, गेंडा लंगडला तर का कळत नाही?

शेतकऱ्याला बैल कुठल्या पायाने लंगडतोय हे लांबून कळतं. घोड्याच्या डॉक्टरांनी तर याचं शास्त्रच केलंय. घोड्याला कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवायचं. दुखरा पुढचा पाय जमिनीवर पडला की घोडा मान झटक्याने वर करतो, म्हणजे तो पाय ओळखला. मग खुरापासून वर एकेका नसेभोवती बधिर करणारं इंजेक्शन देत जायचं. ज्या इंजेक्शननंतर लंगडणं थांबलं, दुखणं तिथे.

गेंडा हा घोड्याचाच लांबचा नातेवाईक. दोघंही विषम खुरांच्या कुळातले. त्यामुळे गेंड्यांचे डॉक्टर बरंचसं ज्ञान घोड्यांकडून उसनं घेतात. पण वरची कृती डोळ्यासमोर आणून बघा. दोन टनांच्या प्राण्याला दोरी धरून पळवणार कोण? आणि त्याच्या पायाशी बसून नसेत सुई घालणार कोण?

त्यात गेंड्याचं डोकं प्रचंड जड आणि कायम खाली. मान झटकण्याची खूण त्याच्यात घोड्याइतकी स्पष्ट दिसत नाही. शिवाय एकच पाय दुखत असेल तर तो लंगडतो. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर? मग तो लंगडतच नाही. फक्त पावलं आखूड टाकतो, कमी हिंडतो, जास्त झोपतो. बघणाऱ्याला वाटतं म्हातारा झाला किंवा आळशी आहे. आणि प्राणीसंग्रहालयात आलेल्या पाहुण्यांना तर झोपलेला गेंडा म्हणजे नेहमीचंच दृश्य.

रानटी प्राणी दुखणं लपवतात हेही आहेच. कळपातला किंवा एकटा, जो प्राणी कमजोर दिसतो त्याच्यावर शत्रूची नजर आधी जाते. पिंजऱ्यात सिंह येणार नाही हे आपल्याला माहीत असतं, गेंड्याला नाही.

म्हणून पहिलं निदान डॉक्टर करतच नाहीत. ते करतो रोज शेण काढणारा, चारा टाकणारा किपर. त्याला माहीत असतं की हा गडी सकाळी हाक मारली की किती वेळात उठतो, कुठल्या कुशीवर झोपतो, डबक्यात उतरताना आधी कुठला पाय टाकतो. आज उठायला दुप्पट वेळ लागला, वळताना मोठा वळसा घेतला, उभं असताना एकच पाय सारखा पुढे टाकून ठेवला, एका पायाची नखं दुसऱ्यापेक्षा जास्त झिजली, चिखलात जायचंच टाळलं, तर काहीतरी बिघडलंय. मोबाईलने यात मोठी मदत केली आहे. महिन्यापूर्वीचा चालतानाचा व्हिडिओ आणि आजचा व्हिडिओ हळू गतीने शेजारी शेजारी लावला की डोळ्यांना न दिसलेला फरक दिसतो.

आणखी एक साधी युक्ती आहे. काही दिवस वेदनाशामक औषध द्यायचं आणि चाल बघायची. चाल सुधारली तर ते दुखणं होतं. नाही सुधारली तर कदाचित सांध्याचा ताठरपणा, नसेचा त्रास किंवा निव्वळ अशक्तपणा असेल. यातून जागा कळत नाही, पण शोध कुठल्या दिशेने घ्यायचा ते कळतं.

भानगड तळपायात आहे

गेंड्याच्या प्रत्येक पायाला तीन बोटं, प्रत्येकाला एकेक जाड नख म्हणजे खूर, आणि मागे तळव्याची लवचीक गादी. मधलं बोट सगळ्यात मोठं आणि भारही त्याच्यावर जास्त. जड डोक्यामुळे पुढच्या पायांना मागच्यापेक्षा जास्त वजन पेलावं लागतं.

आता आपला एकशिंगी गेंडा घ्या. काझीरंगा किंवा नेपाळच्या चितवनमधला. आपल्याकडे गुवाहाटी, पाटणा अशा प्राणीसंग्रहालयांत दिसतो तो हाच. याचा मुलूख म्हणजे दलदल, ओलं गवत, नदीकाठचा गाळ. मऊ जमिनीत नखांच्या कडा रुततात आणि वजनाचा मोठा वाटा त्या कडा उचलतात. तळव्याची गादी मऊ राहते, कारण तिच्यावर सगळा भार कधी येतच नाही.

हाच गेंडा युरोपातल्या प्राणीसंग्रहालयात नेला आणि काँक्रीटवर उभा केला की काय होतं? नखांच्या कडा घासून जातात. वजन गादीवर येतं. गादी कडक होते, वेडीवाकडी वाढते. मग मधल्या बोटाचा तळ आणि गादी जिथे मिळतात तिथे चीर पडते. चिरेत लघवी, शेण, ओल शिरते. चीर आत आत जाते, जंतू मागोमाग जातात, पू होतो. वजनदार नरांना हा त्रास माद्यांपेक्षा जास्त. एकदा सुरू झाला की वर्षानुवर्षं चालतो. भरतो, पुन्हा फुटतो.

हे कोडं उलगडण्याचं बरंचसं श्रेय फ्रिडेरिके फॉन हाउवाल्ड या पशुवैद्य बाईंना जातं. २००१ साली त्यांनी झुरिक विद्यापीठात प्राणीसंग्रहालयांमधल्या एकशिंगी गेंड्यांच्या पायांवर प्रबंध लिहिला. पुढे त्या स्वित्झर्लंडच्या बासेल प्राणीसंग्रहालयात रुजू झाल्या. हे बासेल या गोष्टीत महत्त्वाचं, कारण प्राणीसंग्रहालयात एकशिंगी गेंड्याचं पिल्लू जन्माला येण्याची नोंदलेली पहिली घटना तिथलीच, १९५६ सालची. जगभरातल्या बंदिस्त एकशिंगी गेंड्यांची वंशावळीची वहीही तिथेच ठेवली जाते. म्हणजे या गेंड्यांची पैदास कशी करायची हे माणसाला जमलं, त्यानंतर चाळीसेक वर्षांनी त्यांनी उभं कशावर राहायचं याचा नीट अभ्यास झाला.

यात एक विचित्र गंमत आहे. काँक्रीटची फरशी का घातली होती? तर स्वच्छतेसाठी. पाइप लावला की धुऊन निघते, जंतू राहत नाहीत. जंतूंना बाहेर ठेवायला घातलेल्या फरशीनेच पायात जंतूंसाठी दार उघडून दिलं. आता चांगल्या प्राणीसंग्रहालयांत लाकडाच्या सालींचा जाड थर, माती, वाळू आणि चिखलाचं डबकं असतं. वाढलेली गादी आणि नखं वेळच्या वेळी तासली जातात. पण जुन्या फरशीवर तारुण्य घालवलेल्या गेंड्यांचे पाय काही नवे होत नाहीत.

आणि चीर तर निदान दिसते तरी. हाडांचं काय? लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २७ गेंड्यांच्या पायांची हाडं तपासली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. बहुतेकांच्या हाडांत काही ना काही बिघाड निघाला. झिजलेले सांधे, स्नायूबंध जिथे हाडाला चिकटतात तिथे वाढलेली हाडं, जुनी फ्रॅक्चर. त्याच वर्षी बर्लिनच्या लायब्निझ संस्थेतल्या वन्यप्राणी संशोधकांनी पांढऱ्या गेंड्यांच्या पायांचे सीटी स्कॅन केले. साध्या एक्स-रेमध्ये हाडांचे बरेच दोष निसटतात आणि एक्स-रेचा कोन बदलला तर त्यातले काही पकडता येतात, असं त्यांना आढळलं. थोडक्यात, वरून तळव्याला मलम लावत बसलेल्या डॉक्टरला कळतही नाही की आतलं हाड आधीच सडायला लागलंय.

केळं खायचं आणि पाय पुढे करायचा

जिवंत गेंड्याला सीटी मशीनमध्ये घालणं जवळपास अशक्य. एक्स-रे मात्र निघतो, तोही भूल न देता. त्यासाठी गेंड्यालाच शिकवावं लागतं.

गंमत म्हणजे गेंडा शिकतो. दिसायला रागीट असला तरी माणसाळलेला गेंडा बराच लाडोबा असतो. पोटाशी, काखेत खाजवलं की डोळे मिटून उभा राहतो, कधी कधी चक्क लवंडतो. किपर जाड लोखंडी गजांच्या पलीकडून शिट्टी किंवा क्लिकर वाजवतो, गेंड्याने नाक काठीच्या टोकाला लावलं की केळ्याचा किंवा सफरचंदाचा तुकडा. मग हळूहळू पुढचे धडे. पाय लाकडी ठोकळ्यावर ठेव. तसाच थांब. शेजारी एक्स-रेची पाटी आली तरी हलू नको. कानाला हात लावू दे. कानामागची शीर चोळू दे. सुई टोचली तरी उभा राहा.

याला महिने लागतात. आणि हे सगळं गेंडा ठणठणीत असताना करायचं असतं, कारण पाय दुखायला लागल्यावर पाय पुढे कर म्हणून शिकवायला गेलात तर तो कशाला ऐकेल?

एक्स-रेचीही मर्यादा आहेच. बोटांची, पावलाची हाडं दिसतात. त्याच्या वर गुडघा, खांदा, कंबर इथे मांस आणि कातडी इतकी जाड की किरणांना आरपार जाणं कठीण. सोनोग्राफीचीही तीच अडचण. इन्फ्रारेड कॅमेरा कातडीचं तापमान दाखवतो, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम दिसला तर तिथे सूज असू शकते. पण अंगावर वाळलेला चिखल असला किंवा गेंडा एका कुशीवर उन्हात पडला असला तर तो कॅमेरा सहज फसतो. नोलाचं गळू जिथे होतं तो भाग म्हणजे तर या सगळ्या यंत्रांची परीक्षाच.

जंतू सापडले, पण तेच गुन्हेगार कशावरून?

समजा, तळव्याच्या चिरेतून घाण येतेय. स्वॅब घेतला, प्रयोगशाळेत पाठवला, कल्चरमध्ये चार-पाच प्रकारचे जंतू वाढले. झालं निदान?

अजिबात नाही. गेंड्याचा पाय दिवसभर शेणात आणि चिखलात असतो. वरवरच्या स्वॅबमध्ये त्या शेणातले जंतू येणारच. हे म्हणजे गर्दीतल्या चोरीनंतर रस्त्यावरच्या पहिल्या पाच माणसांना धरण्यासारखं. खरा गुन्हेगार आत असतो, आणि आत हवा नसते. अशा जागी बिनहवेत वाढणारे जंतू फोफावतात, जे साध्या स्वॅबवर घेतले की वाटेतच मरतात आणि रिपोर्टमध्ये त्यांचं नावही येत नाही.

म्हणून जखम आधी स्वच्छ धुवायची, मेलेलं मांस काढायचं, आणि मग अगदी खोलातून, शक्य तर पेशींचा तुकडाच घ्यायचा. गळू असेल तर सुईने पू ओढायचा. नमुना हवा न लागू देता पाठवायचा. आणि हे सगळं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. आपण तापात परस्पर मेडिकलमधून गोळ्या आणून खातो आणि मग डॉक्टरांच्या टेस्टमध्ये काही सापडत नाही, तसंच इथेही होतं. वरचे जंतू मरतात, जखमेचं तोंड बंद होतं, कातडीखाली पू शिल्लक राहतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बरा झाला.

उलटी चूकही होते. दिसली जखम की जंतूच, असंही नाही. बंदिस्त काळ्या गेंड्यांना कातडीचा एक रोग होतो, ज्यात पायांवर आणि दाब पडणाऱ्या जागांवर फोड येतात, व्रण पडतात. जंतू त्यात नंतर शिरतात, पण मूळ कारण जंतू नसतात. त्याचा संबंध ताण आणि शरीरातल्या इतर बिघाडाशी जोडला जातो. अशा गेंड्याला नुसती अँटिबायोटिक्स देत राहिलं तर हाती काही लागत नाही.

मग आत खोलवर काहीतरी पेटलंय हे कळायचं कसं? इथे रक्त कामाला येतं. माणसात जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशी वाढतात, गेंड्यात त्या तितक्या भरवशाने वाढत नाहीत. त्यापेक्षा यकृतातून सुटणारी काही प्रथिनं जास्त बोलकी असतात. सीरम अमायलॉइड ए, हॅप्टोग्लोबिन, फायब्रिनोजेन ही त्यातली काही. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जखमी आणि धडधाकट पांढऱ्या गेंड्यांच्या रक्ताची तुलना केली. जखमी गेंड्यांत सीरम अमायलॉइड ए आणि हॅप्टोग्लोबिन वाढलेलं आणि रक्तातलं लोह घटलेलं दिसलं.

लोह का घटतं? कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं. संकट आलं की शरीर रक्तातलं लोह उचलून आत लपवून ठेवतं. घरात चोर शिरला की दागिने कपाटात टाकावेत तसं. पण पुन्हा गेंड्यागणिक नियम बदलतो. काळा गेंडा झाडपाला खाणारा, आणि प्राणीसंग्रहालयातल्या खाण्यामुळे त्याच्या शरीरात मुळातच जरुरीपेक्षा जास्त लोह साठतं. पांढऱ्या गेंड्याचा ठोकताळा काळ्याला डोळे झाकून लावता येत नाही.

आणि एकच आकडा फारसं सांगत नाही. हाच गेंडा निरोगी असताना त्याचा आकडा किती होता, हे माहीत असलं तरच आजच्या आकड्याला अर्थ येतो. म्हणून गेंडा बरा असतानाही कानामागून रक्त काढून ठेवायचं असतं.

भूल द्यायची की नाही?

एवढं करूनही कळलं नाही, किंवा गळू फोडायचंच आहे, तर भूल द्यावी लागते. गेंड्याच्या आजारातला सगळ्यात कठीण निर्णय हाच.

गेंड्याला भूल देण्यासाठी एटॉर्फिन नावाचं औषध वापरतात. मॉर्फिनपेक्षा हजारो पटींनी तीव्र. डार्टमधून अगदी थोडंसं पुरतं. ते हाताळणाऱ्या माणसाच्या अंगात चुकून गेलं तर जीव जाऊ शकतो, म्हणून शेजारी उतारा तयार ठेवूनच काम करतात. या औषधाने गेंड्याचा श्वास मंदावतो, रक्तातला प्राणवायू कमी होतो. त्यात दोन टनांचा देह आडवा. खाली आलेल्या पायाच्या स्नायूंवर आणि नसांवर स्वतःचंच वजन पडतं, तिथला रक्तपुरवठा अडतो. तास-दोन तासांनी उतारा दिला आणि तो पाय बधिर झालेला असला, किंवा मुळात दुखराच होता, तर म्हातारा गेंडा उठूच शकत नाही. म्हणजे लंगडण्याचं कारण शोधायला झोपवलेला गेंडा त्या झोपेमुळेच कायमचा खाली बसण्याची भीती.

त्यामुळे शक्य तिथे डॉक्टर उभ्या उभ्या गुंगी देतात. अरुंद, मजबूत जागेत गेंडा पेंगत उभा राहतो, पायाशी काम उरकतं. काही किरकोळ कामं तर प्रशिक्षणाच्या जोरावर गुंगीशिवायच होतात.

औषध देणंही सोपं नाही. कुठलं अँटिबायोटिक किती द्यायचं याचे गेंड्यासाठीचे आकडे मोजकेच. बऱ्याचदा घोड्याचा डोस बघून हिशेब करतात. गेंड्याचं पचनही घोड्यासारखंच. मोठ्या आतड्यातले कोट्यवधी चांगले जंतू गवत कुजवून त्याला अन्न देतात. तोंडावाटे दिलेलं अँटिबायोटिक त्या जंतूंनाही मारू शकतं. पाय बरा करताना पोट बिघडलं तर पायाचं दुखणं परवडलं म्हणायची वेळ येते. आणि हो, केळ्यात लपवलेली कडू गोळी नेमकी शोधून थुंकण्यात गेंडे लहान मुलांच्याही पुढे असतात.

जेव्हा लंगडायलाही वेळ मिळत नाही

आतापर्यंतच्या गोष्टीत आजार हळू होता. महिने, वर्षं. पण काही जंतू इतका वेळ देत नाहीत.

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर गाई-बैलांना फऱ्याची लस टोचून घेतात. ग्रामीण भागातल्या वाचकांनी हा रोग पाहिला असेल. तरणंबांड, धष्टपुष्ट जनावर अचानक लंगडतं, ताप चढतो, मांडीवर किंवा खांद्यावर सूज येते, दाबली तर करकर आवाज येतो, आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावतं. याला कारण क्लॉस्ट्रिडियम कुळातला जंतू. त्याची बीजं मातीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. पाऊस आला, पूर आला, माती उलटीपालटी झाली की वर येतात.

याच कुळातल्या जंतूंनी २०२३ मध्ये ओल पेजेटात घाला घातला.

सुदान गेल्यावर उत्तरी पांढऱ्या गेंड्यांच्या दोनच माद्या उरल्या, नाजिन आणि तिची लेक फातू. दोघीही पिल्लू पोटात वाढवू शकत नाहीत. नाजिनच्या मागच्या पायांतली कमजोरी हे त्यामागचं एक कारण म्हणून २०१४ मध्येच सांगितलं गेलं होतं. त्यामुळे शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून ते दक्षिणी पांढऱ्या गेंड्याच्या मादीत वाढवायचं ठरवलं. आधी तालीम म्हणून दक्षिणी गेंड्याचाच भ्रूण घेतला. २४ सप्टेंबर २०२३ ला तो कुरा नावाच्या मादीच्या गर्भाशयात सोडला. ती माजावर कधी आहे हे ओळखण्यासाठी तिच्यासोबत औवान नावाचा नसबंदी केलेला नर ठेवला होता.

नोव्हेंबरमध्ये केनियात धुवाधार पाऊस झाला. कुंपणातल्या जमिनीत पाणी शिरलं. त्याच महिन्यात आधी औवान गेला आणि काही दिवसांतच कुरा गेली. रोगाची लक्षणं बघायला, रक्त काढायला, कल्चर लावायला उसंतच नव्हती. कारण कळलं ते मृत्यूनंतरच्या तपासणीत. पावसाने मोकळ्या झालेल्या क्लॉस्ट्रिडियमच्या बीजांचा संसर्ग.

त्याच तपासणीत कुराच्या पोटात ७० दिवसांचा, ६.४ सेंटिमीटर लांबीचा नर गर्भ सापडला. भ्रूण रुजला होता, वाढत होता. प्रयोगशाळेतला भ्रूण गेंड्याच्या पोटात वाढू शकतो, हे जगात पहिल्यांदा सिद्ध झालं. जानेवारी २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी ही बातमी जाहीर केली, तेव्हा यश आणि मृत्यू दोन्ही एकाच पत्रकात सांगावं लागलं.

नाजिन आता पस्तिशी ओलांडून गेली आहे. वय आणि तब्येत बघून २०२१ मध्येच तिची बीजांडं काढणं थांबवलं गेलं, आता ती एकट्या फातूकडून मिळतात. आणि ओल पेजेटातल्या किपरांच्या दिवसाची सुरुवात आजही या मायलेकी उठल्या का, कशा उठल्या आणि कुठला पाय आधी टाकला, हे बघण्यानेच होते.